बाबांच्या गाडीला ईटीए नव्हता

(हा एपिसोडचा लेखी मजकूर आहे. बोलतानाचे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

तुम्ही आत्ता हा एपिसोड कुठे ऐकताय? बसमध्ये, मेट्रोत, की घरच्या गाडीत मागच्या सीटवर, कानात इअरफोन घालून? मागच्या सीटवर असाल तर जरा जास्त लक्ष द्या. आजचा विषय तुमच्या शेजारी आणि पुढे बसलेल्या माणसांचा आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुण्याहून चिपळूणला एका लग्नाला चाललो होतो. गाडी मी चालवत होतो, आई माझ्या शेजारी, बाबा मागे. मॅपवर ईटीए दिसत होता एक वाजून बारा मिनिटं. कोयनानगर मागे पडलं आणि कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर बाबा म्हणाले, “इथे जरा थांबव रे.”

मी म्हणालो, “बाबा, आत्ताच चार मिनिटं वाचवलीत. पुढे थांबू ना.”

आता पुढे म्हणजे कुठे? पुढे घाट उतरला की आलंच चिपळूण. बाबा काही बोलले नाहीत. आम्ही एक वाजून आठ मिनिटांनी पोहोचलो. मी मनातल्या मनात खूश. लग्नाचा मुहूर्त संध्याकाळचा होता.

त्या रात्री आईने सांगितलं की बाबांना काचबिंदू निघालाय. दोन महिने झाले होते. बाबांनी मला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. लायसन्सची मुदत या वर्षी संपतेय आणि ते रिन्यू करायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. म्हणून ते मागे बसले होते आणि किल्ली काही न बोलता माझ्या हातात दिली होती. मला वाटलं होतं, वय झालं, कंटाळा आला असेल.

तर आजचा एपिसोड त्या न थांबलेल्या थांब्याबद्दल आहे. लहानपणीचे ते निवांत गाडीप्रवास आपल्याला इतके का आठवतात, त्यातलं खरं किती आणि आपण मनाने रंगवलेलं किती, आणि त्यातलं काय परत आणता येतं, हे जरा सुटं सुटं करून बघू.

आधी गाडी

आमच्याकडे मारुती ८०० होती, २००४ साली घेतलेली, पांढरी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे हीच असणार. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या ग्राहकाला इंदिरा गांधींच्या हस्ते किल्ली मिळाली आणि २०१४ मध्ये या गाडीचं उत्पादन थांबलं. म्हणजे तीस वर्षं. भारतातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांची ही पहिली गाडी.

७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. आमच्या मॉडेलला एसी नव्हता. काच खाली करायची तर हँडल गरागरा फिरवायचं. पुढे बाबा आणि आजी, मागे आई, ताई आणि मी. डिकीत एक मोठी बॅग ठेवली की डिकी संपली. बाकीचं सामान आमच्या पायाशी. गाडी सुरू झाली की सगळ्यांनी ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणायचं, आणि सोसायटीच्या गेटबाहेर पडायच्या आत आजी विचारणार, “गॅस बंद केला ना गं?”

एवढं छोटं इंजिन, पाच माणसं आणि मे महिना. खंबाटकी चढताना टेम्परेचरचा काटा वर जायचा. मग माथ्यावर गाडी बाजूला, बोनेट उघडं, आणि आम्ही कठड्यापाशी काकडी खात उभे. लक्षात घ्या, हा थांबा कुणी हौसेने ठरवलेला नव्हता. इंजिन थंड व्हायला वेळ लागायचा, म्हणून आम्हाला वेळ मिळायचा.

बाबांची डायरी

ही गाडी २०१९ मध्ये पंधरा वर्षांची झाली. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, त्यानंतर परत पासिंग करून पाच-पाच वर्षांनी वाढवावं लागतं. बाबांनी त्यापेक्षा विकून टाकली. पण डॅशबोर्डच्या कप्प्यातली एक छोटी डायरी ठेवून घेतली. किती पेट्रोल भरलं, किती किलोमीटर झाले, कुठे थांबलो, सगळं त्यात.

लग्नाहून आल्यावर मी ती डायरी मागून घेतली. एक नोंद जशीच्या तशी वाचतो:

“६ मे २००६. नि. ५.४०. खेड शिवापूर चहा, अर्धा तास. खंबाटकी माथा, इंजिन थंड, २० मि. सातारा, पेढे व नाश्ता, ४० मि. पाटण पेट्रोल, १० मि. कोयनानगर जेवण, दीड तास. कुंभार्ली माथा, ४० मि. पो. ३.५०.”

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. डेटा दिसला की एक्सेल उघडायचंच. एकूण प्रवास दहा तास दहा मिनिटं. थांबे तीन तास पन्नास मिनिटं. म्हणजे गाडी प्रत्यक्ष चालली सहा तास वीस मिनिटं.

डिसेंबरात मला लागले पाच तास अठ्ठावीस मिनिटं. त्यात एकच थांबा, पंधरा मिनिटांचा. म्हणजे गाडी चालली पाच तास तेरा मिनिटं.

फरक किती पडला? चार तास बेचाळीस मिनिटं. त्यातले नवीन गाडी आणि रुंद रस्ते यांनी वाचवले फक्त एक तास सात मिनिटं. उरलेले तीन तास पस्तीस मिनिटं मी थांबे काढून टाकून वाचवले.

हे गणित मी दोनदा तपासलं. मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत होतो की “आता हायवे झाले, तो निवांतपणा गेला.” पण हायवेने तो घेतला नव्हता. तो मी घेतला होता.

मॅप नेमकं काय करतं?

इथे जरा माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. सोपी आहे, घाबरू नका.

१९५६ साली एट्सखर डाइक्स्ट्रा नावाचा डच संगणकतज्ज्ञ आपल्या होणाऱ्या बायकोबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदी करून दमला आणि कॉफी प्यायला बसला. तिथे कागद-पेन न घेता, वीसेक मिनिटांत त्याने एक प्रश्न सोडवला: एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा सगळ्यात छोटा रस्ता कसा शोधायचा? १९५९ मध्ये ते छापून आलं. बीटेकला डेटा स्ट्रक्चर शिकलेल्या प्रत्येकाने त्याच्या नावाचा अल्गोरिदम एकदा तरी रात्री जागून पाठ केलेला असतो. आजची मॅप्स याच्या बरीच पुढे गेली आहेत, पण मूळ कल्पना तीच.

कल्पना अशी. प्रत्येक फाटा किंवा चौक म्हणजे एक बिंदू. दोन बिंदूंमधला रस्ता म्हणजे एक रेघ. प्रत्येक रेघेला एक आकडा द्यायचा, आम्ही त्याला वेट म्हणतो. मग अल्गोरिदम असा मार्ग शोधतो की सगळ्या आकड्यांची बेरीज कमीत कमी यावी.

सगळी गंमत त्या आकड्यात आहे. तो आकडा किलोमीटरचा असेल तर सगळ्यात जवळचा रस्ता मिळेल. मिनिटांचा असेल तर सगळ्यात लवकरचा. टोलच्या रुपयांचा असेल तर स्वस्तातला. अल्गोरिदमला काय चांगलं आणि काय वाईट हे कळत नाही. तुम्ही जे कमी करायला सांगाल ते तो इमानदारीत कमी करतो.

मॅपमध्ये तो आकडा मुख्यतः मिनिटांचा असतो. म्हणून मॅपच्या हिशेबात थांबा म्हणजे तोटा. कुंभार्लीचा माथा म्हणजे चाळीस मिनिटांचं नुकसान. बाबांच्या डोक्यात रेघांवर दुसरेच आकडे होते: आजीचे गुडघे कुठे आखडतील, मला उलटी कुठे होईल, सावली कुठे आहे, इंजिन कुठे तापेल. त्यांचाही मार्ग ‘बेस्ट रूट’च होता. फक्त ते वेगळी गोष्ट कमी करत होते.

मॅपचा यात काही दोष नाही. ॲम्ब्युलन्सला मिनिटंच मोजायला हवीत. प्रश्न हा की लग्न संध्याकाळी असताना मी मिनिटं का मोजत होतो?

ते प्रवास एवढे मोठे का वाटायचे?

आपल्या डोक्यात वेळेची दोन घड्याळं असतात असं समजा. एक चालू घड्याळ: आत्ता वेळ कसा चाललाय? दुसरं आठवणींचं घड्याळ: तो वेळ किती होता, हे नंतर मागे वळून बघताना वाटतं.

चालू घड्याळ लक्षावर चालतं. कंटाळा आला की आपण वेळेकडेच बघत बसतो आणि मिनिटं लांबतात. लहानपणी गाडीत मी दर दहा मिनिटांनी विचारायचो, “अजून किती?” बाबांचं ठरलेलं उत्तर: “हे काय, दोन कॅसेट.” आमच्याकडे साठ मिनिटांच्या कॅसेट होत्या, एका बाजूला तीस मिनिटं. त्यामुळे अंतर कॅसेटमध्ये मोजायची सवय झाली होती. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची, तो वेळ वेगळा.

आठवणींचं घड्याळ मात्र नवेपणावर चालतं. ज्या वेळात नव्या गोष्टी जास्त घडल्या, तो वेळ मागे वळून बघताना मोठा वाटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं होतं: लहानपणी रोज काहीतरी नवं असतं, म्हणून ती वर्षं लांब वाटतात. पुढे दिवस एकसारखे होतात आणि वर्षं भराभर जातात.

कंटाळलेलं मूल खिडकीतून बाहेर बघतं. मी नंबरप्लेट वाचायचो: एमएच १२ पुणे, ११ सातारा, ०९ कोल्हापूर, आणि पहिली ०८ दिसली की रत्नागिरी जिल्हा आल्यासारखं वाटायचं. मैलाचे दगड मोजायचो. पिवळ्या टोपीचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या टोपीचा म्हणजे राज्य महामार्ग, हे मला शाळेत नाही, त्या खिडकीत कळलं. भेंड्यांमध्ये ‘ळ’ आला की ताईशी भांडायचो. म्हणजे चालू घड्याळात वेळ जात नव्हता आणि आठवणींच्या घड्याळात सामान भरत होतं.

आता उलटं झालंय. मोबाइल हातात आला की तीन तास तीस मिनिटांसारखे जातात. चालू घड्याळ खूश! पण महिन्याने आठवायला गेलं तर त्या तीन तासांत काहीच नाही. पाटण कधी गेलं तेही आठवत नाही.

आणखी एक गंमत. येतानाचा प्रवास जातानापेक्षा छोटा वाटतो ना? २०११ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी हे तपासलं. आपल्याला वाटतं रस्ता ओळखीचा झाला म्हणून. पण वेगळ्या रस्त्याने परतलेल्यांनाही परतीचा प्रवास छोटाच वाटला. त्यांचं म्हणणं असं की जाताना आपण ‘लवकर पोहोचू’ असा अंदाज बांधतो आणि तो चुकतो, मग येताना आपोआप जास्त वेळ धरून चालतो. सगळा खेळ अपेक्षेचा. बाबांच्या गाडीत आम्हाला कधीच वेळ सांगितलेली नसायची. त्यामुळे उशीर झाला असं कधी झालंच नाही.

आता थोडं खरं बोलू

आठवणी काढताना आपण लबाडी करतो. १६८८ मध्ये योहान्स होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलला लिहिलेल्या प्रबंधात ‘नोस्टॅल्जिया’ हा शब्द पहिल्यांदा वापरला, दोन ग्रीक शब्द जोडून: घरी परतणं आणि वेदना. तेव्हा तो आजार मानला जायचा, घरापासून लांब राहणाऱ्या स्विस लोकांचा. आज कुणी आजार म्हणत नाही, पण त्यात नजर थोडी धूसर होते हे खरं.

म्हणून डायरीत नसलेलंही सांगतो. त्या गाडीत मागे आम्ही कुणीच कधी बेल्ट लावला नाही. आज मागच्या सीटवरही बेल्ट कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते बरोबर आहे. मे महिन्यात रेक्झिनच्या सीटला पाय चिकटायचे. आणि मला घाटात हमखास उलटी व्हायची.

उलटीचं कारणही सांगून टाकतो. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. गाडी वळली की ती मेंदूला कळवते, ‘आपण वळतोय.’ पण डोळे पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये असतील तर ते सांगतात, ‘छे, आपण जागेवरच आहोत.’ दोन निरोप जुळत नाहीत आणि पोटात ढवळतं. उपाय: लांबवर बाहेर बघा. गाडी चालवणाऱ्याला सहसा मळमळत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच दिसतं. आई आवळासुपारी देऊन म्हणायची, “समोर डोंगराकडे बघ.” शास्त्र तिला माहीत नव्हतं, पण उपाय बरोबर होता.

म्हणजे परत आणायचं ते काय? तापलेलं इंजिन नको, बेल्ट नसलेली सीट नको, उलटी तर नकोच. हे सगळं वजा केलं की दोन गोष्टी उरतात. एक, थांबायची मोकळीक. दोन, एका गाडीतल्या सगळ्यांनी एकच कॅसेट ऐकणं. ती आवडत नसेल तर मिळून नावं ठेवणं.

तिसरीही एक आहे, ती मला उशिरा कळली. गाडीत माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, सगळे समोर बघतात. त्यामुळे अवघड गोष्टी बोलता येतात. दहावीच्या प्रिलिमला मी गणितात नापास झालो होतो, ते बाबांना मी सातारा रोडवर सांगितलं. त्यांनी गिअर बदलला, थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “बरं. कुठलं चुकलं?” जेवणाच्या टेबलावर हे मला जमलं नसतं.

आणि डिसेंबरात साडेपाच तास ते माझ्या मागे बसले होते. काचबिंदूचं सांगायला त्यांना जागा लागणार होती. कदाचित तो माथाच. मी चार मिनिटं वाचवली.

जानेवारी

काचबिंदूबद्दल थोडं, कारण हे उपयोगाचं आहे. यात डोळ्याची नस खराब होत जाते. बहुतेक वेळा आधी बाजूची नजर कमी होते, समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला लवकर कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. औषधाने, थेंबांनी पुढचं नुकसान रोखता येतं किंवा लांबवता येतं. घरात एकाला असेल तर भावंडांना आणि मुलांना धोका जास्त, म्हणून तपासणी करायची. मी करून घेतली, ताईलाही लावली.

जानेवारीत मी बाबांना म्हटलं, “चिपळूणला जाऊन येऊ. काम काही नाही.” ६ मे २००६ ची नोंद मी मॅपमध्ये थांबे म्हणून टाकली. मॅपने सांगितलं असतं तेवढ्यात जेवढी मिनिटं वाढली, ती मी बघितली नाहीत. बाबा या वेळी पुढे बसले. फोनचा स्क्रीन उलटा करून ठेवला.

सगळं जसंच्या तसं मिळालं नाही. खेड शिवापूरचं चहाचं हॉटेल सापडलं नाही. खंबाटकीवर इंजिन तापलंच नाही. बाबा म्हणाले, “मग थांबायचं कशाला?” आम्ही तरी थांबलो आणि काकडी खाल्ली. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, आईने एकच दिला, शुगर आहे म्हणून.

कुंभार्लीच्या माथ्यावर मी गाडी लावली. खाली कोकण दिसतं, दरीत पोफळीच्या बाजूची घरं. बाबा कठड्यापाशी उभे राहिले. समोर बघत म्हणाले, “डावीकडे काय दिसतंय ते सांग. मला मान वळवावी लागते.”

मी सांगत गेलो. कुठे झाडी आहे, कुठे गवत वाळलंय, खालच्या वळणावर एसटी कशी वर येतेय. ते मध्ये मध्ये दुरुस्त करत होते. “ते नाही, त्याच्या पलीकडे बघ.” मग त्यांनी स्वतःच आजाराचं सगळं सांगितलं, कुठले थेंब, किती वाजता, डॉक्टर काय म्हणाले. भीती वाटते असंही म्हणाले. माझ्याकडे न बघता.

चाळीस मिनिटं ठरली होती, तास झाला. आम्ही नऊ तास वीस मिनिटांनी पोहोचलो. रात्री बाबांनी ती जुनी डायरी मागितली आणि नवीन नोंद केली. किलोमीटर, पेट्रोल, थांबे. आणि शेवटी एक ओळ, जी आधी कधीच लिहायची गरज पडली नव्हती: “चालक: चिरंजीव.”

तर मंडळी, पुढच्या प्रवासात एवढंच करून बघा. निघायच्या आधी गाडीतल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान माणसाला एकेक थांबा निवडू द्या आणि तो आधीच मॅपमध्ये टाका, म्हणजे ऐनवेळी तो तोटा वाटणार नाही. निदान एक तास सगळ्यांनी मिळून एकच काहीतरी ऐका. आणि कुणी “इथे जरा थांबव” म्हणालं, तर थांबा. कशाला, ते थांबल्यावर कळेल.

तुमच्या घरच्या गाडीचा ठरलेला थांबा कुठला होता, ते व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. आणि मागच्या सीटवर ऐकत असाल, तर एपिसोड इथे संपतोय. आता इअरफोन काढा आणि बेल्ट लावा. भेटू पुढच्या भागात!